पेन्शन कधी घ्यायची: आपण किती जगू, या अंदाजावर ठरतं का?

अमेरिकेतली सोशल सिक्युरिटी पेन्शन ६२ व्या वर्षापासून घेता येते. १९६० किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना पूर्ण रक्कम मात्र ६७ व्या वर्षी. ही पूर्ण रक्कम महिना १००० डॉलर धरली, तर ६२ ला घेतल्यास ७०० मिळतात आणि ७० पर्यंत थांबल्यास १२४०.

कागद-पेन घ्या. (महागाई आणि व्याज सध्या बाजूला ठेवू.) ६२ ला सुरू केलेल्याच्या हातात ६७ पर्यंत ४२,००० डॉलर आलेले असतात. ६७ पर्यंत थांबलेला महिन्याला ३०० डॉलरनं ती तूट भरत जातो. लागतात १४० महिने, म्हणजे वय ७८ वर्षं ८ महिने. त्याआधी मृत्यू आला तर लवकर घेतलेलं बरं. मग कमी जगू असं वाटणारे लवकर पेन्शन घेत असणार ना?

आता हे 'वाटणं' मोजायचं कसं? मिशिगन विद्यापीठाच्या हेल्थ अँड रिटायरमेंट स्टडीत सरळ विचारतात: तुम्ही ७५ पर्यंत जगण्याची शक्यता ० ते १०० मध्ये किती? बरेच जण ५० म्हणतात. त्यातले काही खरंच ५० म्हणत असतात, काहींना 'देव जाणे' म्हणायचं असतं! तरी सरासरीत ही उत्तरं कामाची ठरली आहेत. सिगरेट ओढणारे स्वतःच कमी आकडा सांगतात.

हर्ड, स्मिथ आणि झिसिमोपुलोस यांचा २००४ चा पेपर याच आकड्यांवर आहे. त्यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे नमुन्याची निवड. आजारी माणूस नोकरी सोडतो आणि पैसे हवेत म्हणून पेन्शन घेतो. त्यात आयुष्याचा हिशोब कुठे आला? म्हणून त्यांनी ६२ च्या आधीच काम थांबवलेल्यांकडे वेगळं पाहिलं. जगण्याची शक्यता अगदी कमी सांगणारे लवकर पेन्शन घेतात, हे दिसलं. पण परिणाम लहानच. बहुतेक जण मिळायला लागली की घेतात.

माझ्या मते वरचा हिशोब एकट्या माणसाचा आहे, हीच त्यातली गोची. नवऱ्यानं ६२ ला ७०० घेतले, तर त्याच्यामागे पूर्ण वय झालेल्या बायकोला त्याच्या खात्यावर जास्तीत जास्त ८२५ मिळतात. पेन्शन सुरूच न करता तो ६६ ला गेला, तर १०००. म्हणजे आजारी नवऱ्यानं स्वतःपुरता केलेला बरोबर हिशोब बायकोला महागात पडू शकतो. या सर्वेक्षणात नवरा-बायको दोघांनाही प्रश्न विचारतात. तेव्हा असा पेपर हातात आला की जोडीदाराचा आकडा समीकरणात आहे का, ते आधी शोधा.