जेपेग उघडल्याने झिजत नाही

लग्नाचे अल्बम करणाऱ्या स्टुडिओपासून घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपपर्यंत एक सल्ला हमखास ऐकू येतो : जेपेग फोटो सारखे उघडू नका, दर वेळी त्यांचा दर्जा थोडा थोडा उतरतो. मग मुलांच्या बारशाचे फोटो पेन ड्राइव्हमध्ये कुलूपबंद होतात आणि दुसरी प्रत काढायलाही हात धजावत नाही. सल्ला काळजीपोटी दिलेला असतो, पण साफ चुकीचा आहे. त्याहून वाईट म्हणजे तो प्रती काढण्यापासूनच माणसांना परावृत्त करतो.

ही भीती कॅसेटच्या काळातली असावी. कॅसेटवरून कॅसेट भरली की खरखर वाढायची, हे एका अख्ख्या पिढीने ऐकलं आहे. डिजिटल फाइलचं तसं नसतं. उघडणं म्हणजे वाचणं; वाचल्याने आत लिहिलेले आकडे बदलत नाहीत. कॉपी करणं म्हणजे तेच आकडे दुसरीकडे उतरवणं. पटत नसेल त्याने एसएचए-२५६ हा चेकसम काढून पाहावा. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींत त्याची सोय आहे. फोटोचा चेकसम टिपून ठेवा, फोटो हवा तितक्या वेळा नुसता उघडा-मिटा, दुसऱ्या डिस्कवर उतरवा आणि त्या प्रतीचा चेकसम काढा. ६४ अक्षरांची तीच ओळ येईल. फाइलमधला एक बिट जरी इकडचा तिकडे झाला, तरी ती ओळ पार बदलते.

नुकसान होतं ते नव्याने ‘सेव्ह’ करताना. १९९२ सालच्या जेपेग मानकानुसार चित्राचे ८ × ८ पिक्सेलचे चौकोन पाडले जातात, प्रत्येक चौकोनातले ठळक आणि सूक्ष्म फरक गणिताने वेगळे केले जातात आणि डोळ्याला कमी जाणवणारे सूक्ष्म फरक ढोबळ आकड्यांवर आणून ठेवले जातात. तिथे जे गेलं ते गेलं. रंगाची माहिती तर बहुतेक वेळा उजेडाच्या माहितीपेक्षा कमी बारकाईने साठवतात. पैठणीचा जरीकाठ किंवा कपाळावरचं लाल कुंकू तिप्पट मोठं करून पाहिलं, की कडेला रंग किंचित सांडलेला दिसतो तो यामुळे. फोटो उजळवला, कापला आणि पुन्हा जेपेगमध्येच सेव्ह केला, तर ही काटछाट नव्याने होते. कापताना चौकोनांची जागाही सरकली, तर जास्तच. यावर उपाय साधा आहे : मूळ फाइलवर काहीही सेव्ह करायचं नाही आणि प्रत्येक नवी सुधारणा मूळ फाइलपासूनच सुरू करायची.

फोटो आडवा-उभा फिरवल्याने तो बिघडतो, या समजात मात्र थोडं तथ्य होतं. काही जुने प्रोग्रॅम फिरवलेला फोटो खरोखरच नव्याने दाबून लिहायचे. आजचे बहुतेक फोन फाइलच्या एक्झिफ नोंदीत दिशेचा एक आकडा तेवढा लिहितात; चित्राला हात लागत नाही.

आता या भीतीचं पिल्लू : ‘सगळे जेपेग टिफमध्ये बदलून घ्या, म्हणजे जपले जातील.’ काही ठिकाणी या कामाचे पैसेही घेतले जातात. १२ मेगापिक्सेलच्या फोटोची चारपाच एमबीची फाइल दाबणूक न केलेल्या टिफमध्ये सुमारे ३६ एमबीची होते, पण जेपेगने एकदा टाकून दिलेला बारकावा त्यात परत येत नाही. फुगते ती फक्त डिस्क. टिफ वाईट आहे असं मुळीच नाही. जुने कागदी फोटो किंवा निगेटिव्ह स्कॅन करताना थेट टिफ घेणं उत्तम, कारण तिथे अजून काही गमावलेलं नसतं. पण अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या शिफारस यादीतही डिजिटल फोटोंसाठी टिफ, जेपेग २००० आणि पीएनजी यांच्याबरोबर साधं जेपेग आहेच.

फॉरमॅट निवडताना खरा प्रश्न त्याचा तपशील खुला आहे का, हा असतो. कोडॅकने १९९२ मध्ये बाजारात आणलेली फोटो सीडी हे याचं उदाहरण. एका तबकडीवर शंभरेक फोटो मावायचे, दर्जाही चांगला होता. पण फाइलची रचना कंपनीने स्वतःपाशीच ठेवली आणि पुढे उत्पादनही बंद केलं. आज घरात अशी तबकडी सापडली तर ती उघडणारा प्रोग्रॅम शोधावा लागतो. कॅमेऱ्याच्या रॉ फाइलींनाही हाच धोका आहे. एकट्या कॅननचेच सीआरडब्ल्यू, सीआर२ आणि सीआर३ असे तीन प्रकार झाले. रॉ ठेवाच, पण शेजारी एक जेपेग किंवा टिफही असू द्या. अ‍ॅडोबीने २००४ मध्ये आणलेल्या डीएनजी या रॉ प्रकाराचा तपशील मात्र जाहीर आहे.

बाकीचे गैरसमज झटपट.

‘७२ डीपीआयचा फोटो हलका, ३०० चा भारी.’ ४००० × ३००० पिक्सेल दोन्हीकडे तेवढेच असतात. डीपीआय ही छपाईसाठीची एक नोंद आहे.

‘व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलाय म्हणजे जपला.’ फोटो म्हणून पाठवला की तो लहान करून, पुन्हा दाबून जातो. मूळ फाइल जायला हवी असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

‘आयफोनच्या एचईआयसी फाइलचं नाव बदलून जेपीजी केलं की झालं.’ नाव बदलतं, आतला मजकूर एचईआयसीचाच राहतो. जेपेग हवा असेल तर रूपांतर करून घ्यावं लागतं, आणि तसं केल्यावर मूळ एचईआयसी पुसून टाकायची नसते.