संगणक न बाळगणारा संगणकाचा प्राध्यापक

१९५७ साली ॲमस्टरडॅम शहरी एका तरुणाचे लग्न ठरले. लग्नाच्या नोंदणीत वराचा व्यवसाय लिहावा लागे. वराने आपला व्यवसाय 'प्रोग्रॅमर' असा सांगितला. नगरपालिकेच्या मंडळींनी तो मान्य केला नाही. असला काही धंदा जगात आहे हेच त्यांना ठाऊक नव्हते. अखेर नोंदवहीत 'सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ' असे लिहिले गेले, तेव्हा कुठे स्वारी बोहल्यावर चढली! वधू, रिया देबेट्स, ही त्याच संस्थेत आकडेमोड करणाऱ्या मुलींपैकी एक होती. तिला या धंद्याची पुरती कल्पना असणार.

हा वर म्हणजे एट्सखर वीबे डाइक्स्ट्रा. आज आपल्या घरातील मुलगा 'प्रोग्रॅमर आहे' असे सांगताना आईबापांची मान ताठ होते. परंतु त्या शब्दाला प्रतिष्ठा मिळवून देण्यात ज्या मोजक्या माणसांचे आयुष्य खर्ची पडले, त्यांत या डच प्राध्यापकाचे नाव फार वर घ्यावे लागेल. आणि गंमत अशी की संगणकशास्त्र शिकविण्यात जन्म घालविलेल्या या गृहस्थांनी आयुष्याचा बराच मोठा काळ स्वतःजवळ संगणक म्हणून ठेवला नाही!

डाइक्स्ट्रांचा जन्म ११ मे १९३० रोजी रॉटरडॅमला झाला. वडील रसायनशास्त्राचे शिक्षक, आई गणितज्ञ. त्रिकोणमिती अवघड असते का, असे लहानपणी त्यांनी आईला विचारले होते. तिने सांगितले की सूत्रे पाठ कर, आणि एखादे गणित सोडविताना पाचापेक्षा अधिक ओळी लागू लागल्या तर खुशाल समज की आपली वाट चुकली आहे. चिरंजीवांनी हा उपदेश जन्मभर गाठीशी बांधला. खरे तर त्यांना कायदा शिकून संयुक्त राष्ट्रसंघात आपल्या देशाचे काम करावयाचे होते. पण शाळेच्या अखेरच्या परीक्षेत शास्त्रविषयांत असे काही गुण पडले की सर्वांनी त्यांना तिकडेच वळविले. लायडेनच्या विद्यापीठात शिकत असताना १९५१ साली इंग्लंडातील केंब्रिजला तीन आठवड्यांचा प्रोग्रॅमिंगचा वर्ग भरणार होता. त्याची जाहिरात वडिलांच्या दृष्टीस पडली आणि मुलाला परवानगी मिळाली. डाइक्स्ट्रांच्या प्रवासांची मोजदाद करावयाची तर पहिला मान या केंब्रिजवारीला द्यावा लागेल. परत आल्यावर १९५२ च्या मार्चपासून ॲमस्टरडॅमच्या गणित केंद्रात ते अर्धवेळ काम करू लागले.

पण मन दुविधेत होते. भौतिकशास्त्र हे केवढे थोर शास्त्र! आणि प्रोग्रॅमिंग? त्याला ना ग्रंथ, ना परंपरा. उद्या कोणी विचारले की बाबा रे, तुला नेमके येते काय, तर सांगणार काय? ही व्यथा त्यांनी आपले वरिष्ठ व्हॅन वाइनगार्डन यांच्यापाशी बोलून दाखविली. वाइनगार्डन यांनी तिचा उपहास केला नाही. आज ही विद्या शास्त्र म्हणण्याजोगी नाही, हे त्यांनी मान्यच केले. पण ही यंत्रे आता जाणार नाहीत, आपण केवळ आरंभी उभे आहोत, तर तिला शास्त्राची योग्यता आणून देणारा माणूस तूच का असू नयेस, असे त्यांनी विचारले. डाइक्स्ट्रा खोलीबाहेर पडले ते वेगळेच माणूस होऊन. चांगला वरिष्ठ लाभणे हा आयुष्यातला केवढा योग असतो, हे नोकरी करणाऱ्या वाचकांना सांगावयास नको.

पुढच्याच वर्षी, १९५६ साली, संस्थेच्या 'आर्माक' नावाच्या नव्या यंत्राचे उद्घाटन व्हावयाचे होते. येणाऱ्या पाहुण्यांना गणित कळणार नाही, तेव्हा सर्वांना समजेल असा प्रश्न हवा. डाइक्स्ट्रांनी निवडला तो असा: एका शहराहून दुसऱ्या शहरी जाण्याचा सर्वांत जवळचा मार्ग कोणता? एके सकाळी भावी पत्नीसह बाजारहाट करून थकल्यावर दोघे एका उपाहारगृहाच्या अंगणात कॉफी पीत बसली. तेथेच वीस मिनिटांत, कागद-पेन्सिलीवाचून, त्यांनी ती रीत शोधून काढली. रीत ऐकाल तर साधी वाटेल. निघावयाच्या गावापासून सर्वांत जवळचे गाव प्रथम पक्के करावयाचे. मग त्या गावावरून गेल्यास बाकीची गावे आधीपेक्षा जवळ पडतात का ते पाहावयाचे. उरलेल्यांत जे सर्वांत जवळ ठरेल ते पक्के करावयाचे, आणि इष्ट गाव हाती येईपर्यंत हेच चालू ठेवावयाचे. प्रयोगासाठी त्यांनी नकाशावरची ६४ गावे घेतली. कारण शून्य आणि एक या दोनच आकड्यांच्या भाषेत ६४ गावांना सहा स्थाने बरोबर पुरतात. ही रीत १९५९ साली अवघ्या तीन पानांत छापून आली. आज आपण खिशातल्या यंत्राला ठाण्याहून नाशिकची वाट विचारतो, तेव्हा त्याच्या उत्तराच्या मुळाशी हीच कॉफीच्या पेल्याभोवती जन्मलेली युक्ती आणि तिची लेकरेबाळे असतात.

त्यांच्या दाढीचीही एक कथा आहे. 'अल्गोल ६०' ही नवी संगणकभाषा यंत्राला समजावून देणारा दुभाषी तयार करण्याचे काम त्यांनी आणि झोनेव्हेल्ट नावाच्या सहकाऱ्याने अंगावर घेतले, आणि काम पुरे होईतो दाढी करावयाची नाही असा दोघांनी पण केला. १९६० च्या ऑगस्टात काम तडीस गेले. झोनेव्हेल्ट यांनी लगोलग दाढी उतरविली. डाइक्स्ट्रांनी मात्र ती राहू दिली.

१९६२ साली ते आइंडहोवनच्या तांत्रिक विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक झाले. तेथे त्यांनी सहकाऱ्यांच्या मदतीने, एकाच यंत्रावर अनेक कामे एकमेकांच्या पायांत पाय न घालता चालावीत अशी व्यवस्था उभी केली. त्यासाठी त्यांनी योजलेल्या साधनाला रेल्वेचे नाव दिले: 'सेमाफोर', म्हणजे सिग्नलचा हात. एकेरी मार्गावर एक गाडी आत गेली की दुसरीला बाहेर थोपवावयाचे, एवढेच त्याचे इंगित. १९६५ साली परीक्षेत त्यांनी पाच यंत्रे आणि त्यांना वाटून वापरावयाची पाच साधने यांवर प्रश्न घातला होता. तो पुढे जगभर 'जेवणाऱ्या तत्त्वज्ञांचा प्रश्न' म्हणून गाजला. पाच तत्त्वज्ञ गोल मेजाभोवती बसले आहेत, दोघांच्या मध्ये एकेक काटा आहे, आणि प्रत्येकाला जेवावयास दोन काटे लागतात. सर्वांनी एकदम डावीकडचा काटा उचलला तर? पाचही पंडित उजवीकडच्या काट्याची वाट पाहत उपाशी! आपल्या सहकारी गृहसंस्थांच्या सभा ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना या प्रश्नाचे मर्म चटकन कळावे.

परंतु हे यश फळास आले आणि त्यांची मंडळी पांगली. डाइक्स्ट्रांच्या मनावर खिन्नतेचे गडद सावट आले. १९६८-६९ चा हा काळ. एकीकडे संगणकाच्या जगात त्यांच्या एका छोट्या पत्राने खळबळ उडविली होती आणि दुसरीकडे पत्रलेखक स्वतः अंधारात चाचपडत होता. या आजारातून ते बाहेर आले ते लिहून. प्रोग्रॅम मुळातच असा रचावा की तो बरोबर आहे हे वाचणाऱ्याला पटवून देता यावे, या विषयावर त्यांनी एक लांबलचक टिपण लिहिले. त्या लेखनानेच आपल्याला सावरले, असे त्यांनी मागाहून, २००१ साली, मोकळेपणाने सांगितले. लेखकाला लेखनाने बरे केल्याची उदाहरणे आम्ही वाङ्मयाच्या वर्गात नेहमी देतो. संगणकशास्त्रातले असे उदाहरण मला तरी हे एकच ठाऊक आहे.

आता त्यांचा दिनक्रम. घरात दूरदर्शन संच नाही. पियानो मात्र होता, आणि मोझार्टवर विशेष भक्ती. लिहावयाचे ते फाउंटनपेनने, सुवाच्य अक्षरात. मजकूर आधी डोक्यात पुरा जुळवावयाचा आणि मगच पेन कागदाला टेकवावयाचे. त्यामुळे पानापानांत खाडाखोड म्हणून दिसत नाही. प्रत्येक टिपणाला आपली आद्याक्षरे आणि अनुक्रमांक द्यावयाचा, पानांचे आकडे शून्यापासून सुरू करावयाचे, आणि त्याच्या छायाप्रती काही मोजक्या स्नेह्यांना टपालाने पाठवावयाच्या. ते स्नेही आणखी प्रती काढून पुढे पाठवीत. अशी तेराशेवर टिपणे झाली. त्यांचे अक्षर इतके आवडले गेले की लूका कार्डेली नावाच्या शास्त्रज्ञाने त्यावरून संगणकाचा टंकच बनविला. दर मंगळवारी दुपारी त्यांच्याभोवती काही मंडळी जमत आणि एखादा लेख मोठ्याने, ओळ न् ओळ थांबून वाचीत. आमच्याकडे ज्ञानेश्वरीचे निरूपण चालते तसा हा प्रकार. फरक इतकाच की येथे ग्रंथकाराची बेधडक खरडपट्टीही निघे.

१९७३ साली बरोज या अमेरिकन कंपनीने त्यांना संशोधक म्हणून नेमले आणि त्यांची कचेरी म्हणजे न्यूनेन गावातले घर, अशी चंगळ झाली. हे न्यूनेन म्हणजे जेथे चित्रकार व्हॅन गॉगने १८८५ साली बटाटे खाणाऱ्या शेतकऱ्यांचे प्रसिद्ध चित्र रंगविले ते खेडे. तेथून डाइक्स्ट्रा अमेरिकेच्या वाऱ्या करीत, बव्हेरियातील मार्क्टोबरडॉर्फच्या उन्हाळी वर्गात शिकवीत, इंग्लंडात न्यूकॅसलच्या परिसंवादांना जात. १९७६ च्या सप्टेंबरात पोलंड आणि सोव्हिएत रशियाही त्यांनी पाहिला. प्रवासाहून आले की प्रवासवृत्त लिहून तेही अनुक्रमांकासह टपालात! त्यांत कोणाची भीडभाड ठेवलेली नसे. यजमानांना ते वाचून काय वाटत असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

१९८४ साली ते टेक्सासमध्ये ऑस्टिनच्या विद्यापीठात आले. वर्गात फळा आणि खडू, बाकी सरंजाम नाही. परीक्षा तोंडी. एकेका विद्यार्थ्याला कचेरीत नाहीतर घरी बोलावून कित्येक तास ती चाले. सुट्टी मिळाली की पतिपत्नी फोक्सवॅगनच्या मोटारीतून टेक्सासची उपवने आणि राष्ट्रीय उद्याने धुंडाळीत. ॲलन ट्युरिंग या गणितज्ञाच्या कल्पनेतले 'ट्युरिंग मशीन' हे संगणकशास्त्राचे आद्य दैवत. यांनी आपल्या मोटारीचे नाव ठेवले 'टूरिंग मशीन'. मोरोपंतांनी दाद द्यावी असा श्लेष!

त्यांची सगळीच मते गळी उतरतात असे नाही. नवशिक्यांना प्रोग्रॅम यंत्रावर चालवूच देऊ नये, आधी तो कागदावर सिद्ध करावयास शिकवावे, असे त्यांनी १९८८ साली मांडले आणि पुढल्या वर्षी त्यावर विद्वानांची जंगी खडाजंगी झाली. काठावर बसून पोहणे शिकविण्याचा हा प्रकार मला पटत नाही. परंतु त्यामागचे कारण खोटे नव्हते. चाचण्या घेऊन प्रोग्रॅममधल्या चुका सापडल्या तर सापडतील, पण चुका नाहीतच हे चाचणीने कधीच ठरत नाही, हा त्यांचा आग्रह आज रुग्णालयांपासून विमानांपर्यंत सर्वत्र प्रोग्रॅम चालत असताना उलट अधिकच तीव्रतेने जाणवतो.

१९७५ सालच्या एका टिपणात त्यांनी लिहिले आहे की गणिताची ओढ तर हवीच, पण त्याखालोखाल चांगल्या प्रोग्रॅमरचे मोठे भांडवल म्हणजे मातृभाषेवरील असामान्य प्रभुत्व. हे कोणा मराठीच्या प्राध्यापकाने म्हटले असते तर पोटार्थी म्हणून लोक हसले असते. मुलाला संगणकाकडे पाठवावयाचे म्हणून त्याचे मराठी आधीच सोडवून टाकणाऱ्या पालकांना मी या टिपणाचा हवाला देतो. ते नम्रपणे ऐकून घेतात आणि निर्णय बदलीत नाहीत.

१९९९ साली डाइक्स्ट्रा निवृत्त झाले. पुढे कर्करोगाचे निदान झाले आणि २००२ च्या आरंभी ते पत्नीसह न्यूनेनच्या घरी परतले. त्या एप्रिलात त्यांनी १३१८ क्रमांकाचे टिपण लिहिले. विषय होता एक गणिती सिद्धता. जादूगाराने टोपीतून ससा काढावा तशी, कारण न सांगता अचानक पुढे टाकलेली पायरी त्यांना कधी खपत नसे. याही वेळी त्यांनी तसलाच एक ससा पकडला होता. त्यानंतर टिपण निघाले नाही. ६ ऑगस्ट २००२ रोजी न्यूनेन येथेच ते वारले.