पान हललं की माणूस? कॅमेऱ्याला कळतं कसं

लागोपाठच्या दोन फ्रेम एकमेकींतून वजा केल्या की उरते ती हालचाल. पद्धत सोपी, पण वाऱ्याने झाड डोललं तरी कॅमेरा बोंब मारतो.

यावर १९९९ मध्ये एमआयटीतल्या स्टॉफर आणि ग्रिमसन यांनी काढलेला तोडगा मला आजही फार देखणा वाटतो. प्रत्येक पिक्सेलचा एकच 'नेहमीचा रंग' न धरता त्यांनी ३ ते ५ रंग धरले. डोलत्या फांदीजवळचा पिक्सेल कधी हिरवा, कधी निळा, दोन्ही ओळखीचेच. तिथे लाल शर्ट आला की तो परका. पण लाल शर्टवाला तिथेच बराच वेळ बसून राहिला, तर हळूहळू तोही पार्श्वभूमीत जमा!

ओपनसीव्ही या संगणक-दृष्टीच्या सॉफ्टवेअर लायब्ररीतलं एमओजी२ याच कल्पनेची सुधारित आवृत्ती. ते सावलीही ओळखतं: मास्कमध्ये, म्हणजे निकालाच्या चित्रात, वस्तू पांढरी (२५५), सावली करडी (१२७). माणसं मोजायची असतील तर आधी हे १२७ काढून टाका, नाहीतर सावल्या जुळून दोघांचा एकच ठिपका होतो.

माग काढणं हे पुढचं काम. वस्तू खांबाआड गेली, तरी काल्मन फिल्टर (१९६०) आधीच्या वेगावरून ती आता कुठे असेल याचा अंदाज बांधत राहतो.