काचेच्या बोटीतले कुजके लाकूड

अमेरिकेच्या उत्तरेकडील मिशिगन, मिनेसोटा, विस्कॉन्सिन या राज्यांत, सरोवरांच्या मुलखात, उन्हाळा लागला की जुन्या मोटारबोटी विक्रीस निघतात. आणि घरामागच्या गवतात ताडपत्रीखाली कित्येक हिवाळे काढलेली, रंग उडालेली, तथापि आकाराने अद्याप धड असलेली एखादी पंधरा-सोळा फुटी फायबरग्लासची बोट दृष्टीस पडली, म्हणजे ज्याच्या अंगी थोडी सुतारकी आहे आणि ज्याच्यापाशी रिकामे गॅरेज आहे, अशा गृहस्थाला ती घरी आणून नवी करण्याचा मोह आवरत नाही. विकणाऱ्याचे म्हणणे एवढेच असते की बोट काचेची आहे, कुजण्याचे भय नाही, थोडे पॉलिश मारले की काम झाले. हे म्हणणे असत्य नाही, पण अपुरे आहे. आणि त्याचा अपुरेपणा ध्यानात येतो तो बहुधा पैसे मोजून झाल्यावर. काच कुजत नाही हे खरे. कुजते ते कारखानदाराने तिच्या पोटात दडवून ठेवलेले लाकूड, आणि जुन्या बोटीचा जीर्णोद्धार म्हणजे बव्हंशी त्या लाकडाचा जीर्णोद्धार होय.

काचेच्या बोटीत लाकूड हवेच कशाला, असा प्रश्न साहजिक आहे. 1932 साली ओहायो राज्यातील ओवेन्स-इलिनॉय कंपनीत डेल क्लाइस्ट नावाचा तरुण संशोधक काचेच्या विटा सांधण्याच्या खटपटीत असता, दाबाखालच्या हवेचा झोत वितळलेल्या काचेवर पडून तिचे अतिसूक्ष्म तंतू उडाले, आणि काचेचे तंतू विपुल प्रमाणात काढण्याची युक्ती अशी अवचित हाती आली. त्याच दशकात कार्लटन एलिस या रसायनज्ञाने पॉलिएस्टर रेझिनवर काम केले, आणि 1942 मध्ये टोलेडोच्या रे ग्रीनने या दोहोंच्या संयोगातून एक लहान शिडाची बोट घडविली. पहिल्या फायबरग्लास बोटींपैकी एक म्हणून तिचा दाखला देतात. महायुद्ध संपल्यावर हे साहित्य सर्वसामान्यांच्या बाजारात उतरले आणि पन्नाशीच्या दशकाअखेरीस तर बोटींनाही त्या काळच्या मोटारींप्रमाणे मागे डौलदार पंख फुटले. घडण मात्र आपल्याला अपरिचित नाही. कुडाच्या भिंतीत कारव्या ताण सोसतात आणि शेणमाती त्यांना जागच्या जागी धरून ठेवते. येथे कारव्यांच्या जागी काचतंतू आणि शेणमातीच्या जागी रेझिन, एवढाच काय तो फरक.

परंतु बळकटपणा निराळा आणि ताठपणा निराळा. काचेचा सुटा तंतू ओढून तोडावयास साध्या पोलादाहून किती तरी अधिक ताण लागतो. तथापि तुकडे केलेल्या तंतूंची मॅट रेझिनमध्ये भिजवून जो पत्रा तयार होतो, त्याचा ताठपणा पोलादाच्या सुमारे पंचविसाव्या हिश्श्याइतकाच, म्हणजे तंतूंच्या दिशेने मोजलेल्या डग्लस फरच्या लाकडापेक्षाही कमी भरतो, आणि वजन मात्र त्या लाकडाच्या जवळजवळ तिप्पट. म्हणून केवळ काचेची केलेली बोट फुटणार नाही, पण लाटेवर लवलवेल. आता पत्र्याची जाडी दुप्पट केली तर त्याचा वाकण्यास होणारा विरोध आठपट होतो, कारण तो जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो; तेव्हा महागड्या, जड काचेने जाडी वाढविण्यापेक्षा दोन पातळ काचथरांच्या मध्ये हलके, स्वस्त लाकूड भरावे, हा कारखानदाराचा हिशेब बिनचूक होता. मागची आडवी भिंत, जिला ट्रान्सम म्हणतात आणि जिच्यावर इंजिनाचा सारा भार व रेटा येतो, तिच्यात सुमारे दीड इंच जाडीचे प्लायवूड. तळाला ताठ ठेवणाऱ्या लांबीतल्या तुळया, म्हणजे स्ट्रिंगर, लाकडाचे. आणि वरची जमीनही प्लायवूडचीच. हिशेब चुकला तो पाण्याच्या बाबतीत.

आणि हे पाणी सरोवराचे नव्हे, आकाशाचे. ट्रान्सममधून आरपार नेलेले इंजिनाचे बोल्ट, पाणी सोडण्याच्या बुचाचे भोक, खुर्च्यांचे स्क्रू, अशा दहा ठिकाणी काचेचे आवरण भेदलेले असते. तेथून पावसाचे पाणी थेंबाथेंबाने आत शिरते आणि दोन्ही बाजूंनी काच असल्यामुळे वाळून बाहेर जाण्याची त्याला वाट राहत नाही. लाकडातील ओलावा 20 टक्क्यांच्या खाली असेल तोवर कुजविणाऱ्या बुरशीचे काही चालत नाही. तो बराच वर गेला, की ती सेल्युलोज खाऊ लागते. खारे पाणी या बाबतीत गोड्यापेक्षा सौम्य, कारण मीठ बुरशीस मानवत नाही. न्यू इंग्लंडातील जुने जहाजबांधे फासळ्यांमधील पोकळीत मुद्दाम मीठ भरीत असत, ते याचसाठी. जमिनीखालच्या पोकळीत बोट तरंगती राहावी म्हणून पॉलियुरेथेनचा फोम ओतलेला असतो. तोही वर्षानुवर्षे पाण्यात राहिला की पाणी धरतो, आणि जी तजवीज बुडू नये म्हणून केली, तीच बोट जड करू लागते.

परीक्षा सोपी आहे, आणि ती खरेदीपूर्वी करावी. प्लास्टिकच्या डोक्याच्या लहान हातोडीने ट्रान्समवर वीतभर अंतराने ठोकत जावे: निरोगी जागी खणखणीत आवाज येतो, कुजलेल्या जागी बद्द. संशय आला तर आतल्या बाजूने, खालच्या भागात, बारीक ड्रिलने भोक पाडावे व पात्यावर येणारा भुसा चिमटीत घेऊन पाहावा. तो फिकट, कोरडा, लाकडाच्या वासाचा निघाला तर उत्तम. कॉफीच्या चोथ्यासारखा काळा आणि ओला निघाला, बोटाने दाबता पाणी सुटले, तर ट्रान्सम गेला असे खुशाल समजावे. ज्यांना या परीक्षेचा धीर होत नाही आणि जे पॉलिशपासून आरंभ करतात, त्यांच्या खटाटोपाला माझ्या मते दुरुस्ती हे नाव शोभत नाही.

कुजके लाकूड काढण्यासाठी जमीन कापण्यापूर्वी मात्र एक पथ्य कडकडीत पाळले पाहिजे. आतील तुळया काढल्या की बोटीचा तळ हा केवळ एक लवचीक पत्रा उरतो, आणि ट्रेलरच्या दोन-तीन आधारांवर तो तसाच राहिला तर स्वतःच्या भाराने वाकतो. त्याच वाकलेल्या अवस्थेत नव्या तुळया चिकटविल्या तर ते वाकडेपण कायमचे होते, आणि वेगात ती बोट नाळ, म्हणजे पुढचे टोक, वर-खाली आपटीत उधळू लागते. म्हणून तळाच्या आकाराबरहुकूम लाकडी पाळणा करून बोट त्यावर समतल बसवावी, मगच ग्राइंडर हाती घ्यावे. बाहेरची काच शाबूत ठेवून आतली कापावी, कुजका भाग पटाशीने खरवडून काढावा. काचेची धूळ फुप्फुसांस अपायकारक आहे. साध्या रुमालाने भागत नाही, चांगला मास्क हवा.

आता रेझिन. पॉलिएस्टर हे कोकण किनाऱ्यावर मच्छीमारांच्या फायबरच्या होड्या दुरुस्त करणाऱ्यांच्या नित्य परिचयाचे. स्टायरीनमध्ये विरघळलेल्या त्याच्या रेणुमाला, ज्याला हार्डनर म्हणतात त्या मिथाइल इथाइल किटोन पेरॉक्साइडच्या शेकडा एक-दोन भागाने एकमेकींशी जखडल्या जातात. कोबाल्ट ही क्रिया त्वरित करतो. कोबाल्ट आणि हार्डनर परस्परांत थेट मिसळले तर भडका उडतो, स्फोटही होतो. म्हणून कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण कालवून मगच हार्डनर घालावा, आणि हार्डनरचा शिंतोडा डोळ्यांत जाऊ देऊ नये, कारण तो दृष्टी घालवू शकतो. हार्डनर थोडा कमी-अधिक करून सुकण्याची मुदत बदलता येते. इपॉक्सी या दुसऱ्या रेझिनचे तसे नाही: तिथे दोन्ही द्रव्ये ठरलेल्या प्रमाणात एकमेकांचा भाग बनतात, आणि लवकर वाळावे म्हणून हार्डनर वाढविला तर उरलेला भाग तसाच मऊ राहून सांधा कच्चा होतो.

जुन्या बोटीचे पॉलिएस्टर केव्हाच पक्के होऊन बसलेले असल्यामुळे नव्या थराशी त्याचे रासायनिक नाते जुळत नाही; जे जुळते ते ओरखड्यांतील पकडीचे. यासाठी जागा आधी अ‍ॅसिटोनने पुसावी, नंतर 40 नंबरच्या जाड पॉलिश पेपरने घासावी. क्रम उलटला तर पृष्ठभागावरचे मेण ओरखड्यांत भरते. लाकडाशी आणि जुन्या थराशी इपॉक्सीची पकड अधिक भरवशाची, आणि वाळताना ते आकसतेही कमी; म्हणून घरच्या दुरुस्तीस, महाग पडले तरी, मी त्याचाच कौल देतो. लाकडाच्या जागी आपल्याकडे आयएस 710 या मानकाचे मरीन प्लायवूड मिळते. त्याच्या कडांना इपॉक्सी मनसोक्त पिऊ द्यावे, कारण पाणी शिरते ते कडांतूनच. तुळई आणि तळ यांच्या कोपऱ्यात इपॉक्सीची लांबी भरून गोलाई द्यावी. काचेचे कापड काटकोनात वळत नाही, त्याखाली हवा राहते. फुटलेली काच सांधताना कडा जाडीच्या बारापट रुंद उतरती करावी, म्हणजे 6 मिलिमीटर जाडीस 72 मिलिमीटरांची उतरण, की जेणेकरून भार एका रेषेवर न येता विस्तृत पृष्ठावर वाटला जाईल.

बोटीचा बाहेरचा थर, म्हणजे जेलकोट, जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा असतो. उन्हाने त्याचा झालेला खडूसारखा भुगा ओल्या पॉलिश पेपरने उतरतो; पाण्याखाली राहिलेल्या बोटीवर उठणारे फोड मात्र निराळे प्रकरण आहे. जेलकोटमधून झिरपलेले पाणी आतली विद्राव्य द्रव्ये विरघळविते, आणि त्या द्रावणाकडे परासरणाने आणखी पाणी ओढले जाऊन फोड फुगतो. असे फोड उघडून, धुऊन, आतली जागा खडखडीत वाळवूनच भरावेत.

सर्वांत शेवटी बोल्टांची भोके. अर्ध्या इंचाच्या बोल्टास पाऊण इंचाचे भोक पाडावे, ते घट्ट केलेल्या इपॉक्सीने बुजवावे, आणि वाळल्यावर त्याच्या मध्यातून अर्ध्या इंचाचे नवे भोक घ्यावे, म्हणजे बोल्टाभोवती इपॉक्सीची नळी तयार होऊन लाकडास पाण्याचा स्पर्शच होत नाही. बुचाच्या भोकालाही हाच उपचार करावा, कारण ट्रान्समची कूज बहुधा तेथूनच सुरू होते. आणि बोट उभी करून ठेवताना नाळ वीतभर उंच ठेवून बूच काढून खिशात घालावे.