माशाच्या तेलाची गोळी आणि आपले डोळे

गेले काही महिने आमच्या गटांच्या बैठकांत एकच प्रश्न फिरतोय. माशाच्या तेलाच्या गोळ्या घेतल्या तर नजर सुधारते का? पिवळीधमक, मऊ, आरपार दिसणारी ती कॅप्सूल. कुणाच्या मुलाने शहरातून आणलेली, कुणाला दारावर आलेल्या विक्रेत्याने दिलेली. एका गटात तर सासूबाईंच्या मोतीबिंदूसाठी ही बाटली घ्यायची म्हणून अंतर्गत कर्जाची मागणी आली. तेव्हा आम्ही म्हटलं, कर्जाचं नंतर बघू, आधी या गोळीत काय आहे ते समजून घेऊ.

गोळीत असतं ओमेगा-३ नावाचं स्निग्ध. त्यातला डीएचए हा प्रकार आपल्या डोळ्याच्या आतल्या पडद्यात भरपूर असतो. विकणारा इथपर्यंत खरंच सांगतो. पुढे तो म्हणतो, म्हणून गोळी खा, डोळा दुरुस्त होईल. आता बघा, भिंत विटांची असते हे खरं, पण अंगणात विटांचा ढीग टाकला म्हणून पडकी भिंत उभी राहत नाही.

हे नुसतं आमचं म्हणणं नाही. अमेरिकेत म्हातारपणी डोळ्याचा पडदा झिजण्याचा आजार पुष्कळ आहे. तिथे चार हजारांहून जास्त लोकांवर सरकारी संस्थेने मोठा अभ्यास केला, त्याचा निकाल २०१३ साली आला. ओमेगा-३ दिल्याने झीज पुढे जायची काही थांबली नाही. दुसरा अभ्यास २०१८ सालचा, कोरड्या, चुरचुरणाऱ्या डोळ्यांचा. ५३५ जण होते. काहींना वर्षभर रोज माशाच्या तेलातलं ३,००० मिलिग्रॅम ओमेगा-३ दिलं, बाकीच्यांना तशाच दिसणाऱ्या गोळीत ऑलिव्हचं तेल. कुणाला काय दिलंय ते कुणालाच सांगितलं नाही. त्रास दोन्हीकडे कमी झाला, आणि जवळजवळ सारखाच! म्हणून शेजारीण "मला फरक पडला" म्हणते तेव्हा ती खोटं बोलत नसते, पण फरक गोळीनेच पडला असं त्यावरून ठरत नाही.

आता मोतीबिंदू. डोळ्यातलं भिंग गढूळ होतं, तो मोतीबिंदू. गढूळ झालेलं भिंग कुठल्याही गोळीने, थेंबाने, मधाने निवळत नाही. ते काढून नवं बसवावं लागतं. सरकारी दवाखान्यात ही शस्त्रक्रिया मोफत होते. "पिकू द्या, मग काढू" हे जुनं बोलणंही आता सोडायला हवं. फार पिकला तर डोळ्यातला दाब वाढून उरलीसुरली नजर जाऊ शकते.

त्या सासूबाईंना सुनेने शेवटी तालुक्याला नेलं. एका डोळ्यात मोतीबिंदू होता, तो निघाला, त्या डोळ्याने आता त्या तांदूळ निवडतात. दुसऱ्या डोळ्यात मात्र काचबिंदू सापडला. काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही, उरलेली राखायला रोज औषधाचे थेंब टाकावे लागतात. कुठला आजार आहे हे बाटलीवर लिहिलेलं नसतं, ते तपासणीतच कळतं. साखरेचा आजार असेल तर नीट दिसत असलं तरी वर्षातून एकदा पडदा तपासून घ्या.

नावावरून आणखी एक घोटाळा होतो. कॉड लिव्हर ऑइल म्हणजे माशाच्या यकृताचं तेल, त्यात अ जीवनसत्त्व भरपूर असतं. अ जीवनसत्त्व कमी पडलं की रातांधळेपणा येतो. पण म्हणून ते मनाने घेऊ नका, गरोदर बाईने तर नाहीच. जास्त झालं तर पोटातल्या बाळाला अपाय होतो. लेकरांना नवव्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी अ जीवनसत्त्वाचा डोस मिळतो. तो आशाताईंकडून, अंगणवाडीतून चुकवू नका.

मासे खाणाऱ्यांनी बांगडा, तारली जरूर खावी, ओमेगा-३ त्यात भरपूर असतं आणि पोटही भरतं. न खाणाऱ्यांना जवसाची चटणी आहे. जवसातलं ओमेगा-३ वेगळं, शरीर त्याचं थोडंच डीएचए करतं, पण चटणी चांगलीच. शेवग्याचा पाला, लाल भोपळा, पिकली पपई यांतून अ जीवनसत्त्व मिळतं, भाजीला थोडं तेल मात्र हवं. यानेही मोतीबिंदू जात नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

पुढच्या बैठकीत एक करा. भिंतीवर कॅलेंडर लावा, चार-पाच पावलं मागे उभं राहा आणि एकेक डोळा तळहाताने झाकून तारखा वाचा. चष्मा असेल तर लावूनच. दोन्ही डोळे उघडे असले की एका डोळ्याची कमतरता लक्षातच येत नाही. जिचा एक डोळा मागे पडेल तिचं नाव आशाताईंना द्या. अचानक नजर गेली, डोळा लाल होऊन ठणकला किंवा दिव्याभोवती रंगीत कडी दिसली, तर बैठकीची वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि बाटली घरात आलेलीच असेल, त्यात कुणाला रक्त पातळ करायची गोळी चालू असेल किंवा हृदयाचे ठोके चुकत असतील, तर डॉक्टरांना बाटली दाखवल्याशिवाय त्यातली एकही घेऊ नका.