डिजिटल छायाचित्रण साहित्याची निवड व निगा

डिजिटल छायाचित्रण साहित्य या संज्ञेत कॅमेरा, भिंगे, बॅटरी, मेमरी कार्ड, ट्रायपॉड, फिल्टर, फ्लॅश आणि हे सर्व वाहून नेण्याची पिशवी यांचा समावेश होतो. या साहित्याचे आयुष्य किमतीपेक्षा ते कोठे वापरले जाते आणि वापरात नसताना कसे ठेवले जाते यावर अधिक अवलंबून असते. पुणे जिल्ह्यातील शिरूर व दौंड हे तालुके पर्जन्यछायेच्या प्रदेशात येतात. येथे उन्हाळ्यात धूळ आणि पावसाळ्यात दमट हवा असे दोन वेगळे धोके एकाच वर्षात संभवतात. शिरूर तालुक्यातील तळेगाव ढमढेरे व शिक्रापूर यांसारख्या मोठ्या गावांत व्यावसायिक छायाचित्रणाचा मुख्य आधार लग्नसमारंभ हा असल्याने या धोक्यांचा संबंध थेट उपजीविकेशी येतो.

पार्श्वभूमी

ईस्टमन कोडॅक कंपनीतील अभियंता स्टीव्हन सॅसन याने १९७५ मध्ये पहिला स्वयंपूर्ण डिजिटल कॅमेरा तयार केला. त्याची क्षमता ०.०१ मेगापिक्सेल होती आणि एक चित्र कॅसेटवर नोंदवण्यास २३ सेकंद लागत. फिल्मच्या कॅमेऱ्यात प्रत्येक छायाचित्रासाठी फिल्मचा नवा भाग पुढे येत असे, त्यामुळे एखादा धूलिकण सहसा एका-दोन चित्रांपुरताच नुकसान करी. डिजिटल कॅमेऱ्यात प्रकाश टिपणारा संवेदक कायम तोच असतो. त्यावर बसलेला कण काढला जाईपर्यंत प्रत्येक छायाचित्रात त्याच जागी डाग पाडतो. डिजिटल काळात स्वच्छतेला आलेले महत्त्व या एका फरकातून आले आहे.

निवड

संवेदकाचा आकार ही कॅमेरा निवडताना पाहण्याची मूलभूत बाब होय. फुल फ्रेम संवेदक ३६×२४ मिमी असतो, तर एपीएस-सी प्रकारचा सुमारे २३.५×१५.६ मिमी. लहान संवेदकावर दृश्याचा मधला भाग तेवढा टिपला जात असल्याने ३०० मिमीचे भिंग फुल फ्रेमवरील ४५० मिमी भिंगाइतके दृश्य देते. शिरूर तालुक्यातील मोराची चिंचोली येथे मोर टिपणाऱ्यास किंवा दौंडच्या पुढे इंदापूर तालुक्यातील भिगवण येथे उजनी जलाशयावर हिवाळ्यात येणारे रोहित पक्षी टिपणाऱ्यास हा गुण लाभाचा ठरतो. मंगल कार्यालयातील मंद प्रकाशात मात्र मोठा संवेदक आणि एफ/२.८ किंवा त्याहून मोठ्या छिद्राचे भिंग अधिक उपयोगी पडते.

मेगापिक्सेलच्या आकड्याला जाहिरातींत मिळणारे स्थान अवास्तव आहे. ए-३ आकाराच्या उत्तम छपाईस सुमारे १७ मेगापिक्सेल पुरतात. लग्नाच्या अल्बममधील १२×३६ इंची जोडपान बहुधा अनेक छायाचित्रे जुळवून बनवले जाते. खर्चाची मर्यादा असल्यास साधा कॅमेरा व चांगले भिंग ही जोडी उलट जोडीपेक्षा बहुतेक वेळा सरस ठरते, कारण कॅमेरे काही वर्षांत मागे पडतात, भिंगे मात्र एकाहून अधिक कॅमेऱ्यांवर चालतात.

जुना कॅमेरा घेताना शटर किती वेळा उघडले आहे ती संख्या पाहिली जाते. प्राथमिक श्रेणीच्या अनेक कॅमेऱ्यांचे शटर सुमारे १ लाख वेळा उघडण्याच्या अपेक्षेने बनवलेले असते. लग्नाच्या कामात एका दिवसातच हजारो छायाचित्रे निघतात. जुने भिंग दोन्ही बाजूंची झाकणे काढून, मागून विजेरीचा प्रकाश टाकून तपासावे लागते. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसल्यास ती बुरशी होय.

बुरशी

बुरशी हा भिंगाचा सर्वांत मोठा शत्रू आहे. हवेतील सापेक्ष आर्द्रता दीर्घकाळ ६० ते ७० टक्क्यांच्या वर राहिली की काचेवरील धूळ व बोटांच्या तेलकट ठशांवर तिची वाढ होते. तिच्यातून स्रवणारी आम्ले काचेवरील लेप खातात. तंतू पुसता आले तरी खाल्ला गेलेला लेप परत येत नाही, आणि छायाचित्रे धुरकट दिसू लागतात.

पर्जन्यछायेच्या भागात ही भीती नाही असा समज आढळतो, पण तो फसवा आहे. येथील पाऊस कमी असला तरी पावसाळ्यातील हवा आठवडेच्या आठवडे दमट राहते. त्यात कामाच्या हंगामाची भर पडते. आषाढी एकादशीला चातुर्मास लागतो आणि लग्नाचे मुहूर्त थांबतात; ते तुळशीच्या लग्नानंतर पुन्हा सुरू होतात. म्हणजे नेमक्या दमट महिन्यांत कॅमेऱ्याची पिशवी कपाटात बंद पडून राहते. अंधार, कोंदलेली हवा आणि पिशवीच्या कापडात मुरलेला ओलावा बुरशीला पोषक असतो. नुकसान लक्षात येते ते कार्तिकात, पहिल्या लग्नाच्या तयारीत.

यावरील उपाय खर्चिक नाही. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा हवाबंद डबा, त्यात सिलिका जेल आणि एक लहान आर्द्रतामापक एवढे साहित्य पुरते. आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राखणे योग्य मानले जाते. फार कोरडी हवाही रबर व वंगणाला मानवत नाही. निळे सिलिका जेल ओलावा शोषून गुलाबी झाले की ते तापवून पुन्हा वापरता येते. निळ्या रंगासाठी वापरले जाणारे कोबाल्ट क्लोराइड विषारी असल्याने त्यासाठी स्वयंपाकाची भांडी वापरू नयेत. तांदूळ हा पर्याय निकृष्ट आहे, त्याचा भुगा कॅमेऱ्यात जातो. चामड्याच्या पेटीत भिंग दीर्घकाळ ठेवणेही टाळले जाते. साहित्य दर आठवड्याला बाहेर काढून काही वेळ वापरणे हा सर्वांत स्वस्त उपाय होय.

धूळ, भंडारा व लेझर

संत तुकाराम महाराजांची पालखी दौंड तालुक्यातील यवत व वरवंड येथे मुक्काम करते. पालखीच्या वाटेवर धूळ आणि पावसाची सर एकाच दिवशी भेटू शकतात. अशा ठिकाणी भिंग बदलण्याऐवजी एकच झूम भिंग लावून ठेवणे हितावह असते. जेजुरीचा भंडारा त्याहून त्रासदायक आहे. हळदीची ही बारीक पूड झूमच्या सांध्यांत शिरते. ती प्रथम फुग्याच्या ब्लोअरने उडवावी आणि मगच कापड लावावे, नाहीतर कणांनी काचेवर ओरखडे उठतात. दौंड भागातील गुऱ्हाळांत काहिलीजवळ काम केल्यावर वाफेचा चिकट थर भिंगावर बसतो. तो काढण्यासाठी द्रावण काचेवर न ओतता कापडावर घेतले जाते.

संवेदकावरील धूळ ओळखण्यासाठी एफ/१६ छिद्रावर मोकळ्या आकाशाचे चित्र घेऊन ते मोठे करून पाहतात. ब्लोअरने न निघालेला डाग तज्ज्ञाकडून काढून घेणे श्रेयस्कर. मिरवणुकांतील लेझरचे झोत थेट भिंगात आल्यास संवेदकावर कायमच्या रेषा उमटू शकतात आणि त्यावर संवेदक बदलण्याखेरीज सहसा इलाज नसतो.

बॅटरी व मेमरी कार्ड

लिथियम-आयन बॅटरी पूर्ण रिकामी किंवा पूर्ण भरलेली ठेवण्यापेक्षा सुमारे निम्मी भरून, कॅमेऱ्याबाहेर, थंड जागी ठेवावी. उन्हात उभ्या मोटारीत ती ठेवणे सर्वाधिक हानिकारक होय. मेमरी कार्डावरील ‘व्ही३०’ ही खूण लेखनाचा वेग सेकंदाला किमान ३० मेगाबाइट राहील असे सांगते. नामांकित कंपन्यांच्या वेष्टनातील बनावट कार्डे बाजारात आढळतात. त्यांची प्रत्यक्ष क्षमता छापलेल्यापेक्षा कमी असते आणि ती भरली की पुढील छायाचित्रे नष्ट होतात. म्हणून नवे कार्ड महत्त्वाच्या कामापूर्वी एकदा पूर्ण भरून तपासले जाते. लग्नविधी पुन्हा घडवता येत नसल्याने दोन कार्डांवर एकाच वेळी नोंद करणारा कॅमेरा व्यावसायिकांत पसंत केला जातो. चुकून पुसलेली छायाचित्रे विशेष सॉफ्टवेअरने अनेकदा परत मिळतात, मात्र त्यानंतर त्या कार्डावर एकही नवे चित्र घेतलेले नसावे.