केवळ शपथेनें व्यसन सुटत नाहीं

व्यसन हा शब्द आपण फार सैलपणें वापरतों. वाचनाचें व्यसन, पत्त्यांचें व्यसन, चहाचें व्यसन असें सहज म्हणतों आणि हंसतों. संस्कृतांत मात्र हा शब्द इतका हलका नाहीं. मनुष्यास त्याच्या श्रेयापासून दूर फेंकून देतें तें व्यसन, अशी त्याची फोड कौटिल्यानें अर्थशास्त्रांत केली आहे. आणि कामापासून उपजणाऱ्या चार व्यसनांत मृगया, द्यूत व स्त्री यांच्या पंक्तीस त्यानें मद्यपान बसविलें आहे. छत्तीस वर्षें ही व्युत्पत्ति आम्ही फळ्यावर लिहून दाखविली. फेंकला गेलेला मनुष्य परत कसा आणावयाचा हें मात्र आम्हांस ठाऊक नव्हतें. आणि आपणांस तें ठाऊक नाहीं, हेंही ठाऊक नव्हतें. तें आम्ही कसें शिकलों, आणि ज्यांच्याकडून शिकलों त्यांची विद्या कोणती, हें आज वाचकांपुढें ठेवावयाचें आहे.

नांदेडास आमच्या घरीं बारा वर्षांपूर्वीं घडलेली ही गोष्ट. आमच्या चुलत बंधूंचे एक चिरंजीव, चांगल्या नोकरींत असलेले, दोन मुलांचे वडील, दारूच्या आहारीं गेले. घर एकत्र, म्हणजे दहा जणांना दिसणारी गोष्ट, आणि दहाही जण ती एकमेकांपासून लपविणार! त्यांच्या मातोश्री देवघरांतल्या डब्यांतून गुपचूप पैसे देत. थोरले बंधु कचेरींत आजारीपणाचा अर्ज नेऊन पोंचवीत. आणि आम्ही वडीलधारे म्हणून उपदेश करीत असूं. एका एकादशीस आम्ही त्यांना गोवर्धन घाटावर नेलें, ओंजळींत गोदावरीचें पाणी देऊन शपथ घ्यावयास लाविली, आणि पुन्हा मोह होऊं नये म्हणून माडीवरच्या खोलींत बसवून बाहेरून कडी लाविली. दोन दिवस आम्ही स्वतःवर फार प्रसन्न होतों.

तिसऱ्या रात्रीं माडीवरून आरडाओरडा ऐकूं आला. वर जाऊन पाहतों तों हातपाय थरथरत आहेत, अंग घामानें भिजलें आहे, भिंतीवर किडे चढत आहेत असें म्हणून ते उशीनें भिंत झोडीत आहेत, आणि समोर उभी असलेली पत्नी त्यांना ओळखूं येत नाहीं. थोड्याच वेळांत त्यांना झटका आला. मध्यरात्रीं रिक्षांत घालून रुग्णालयांत नेलें. तेथील डॉक्टर आम्हांस म्हणाले, “गुरुजी, शपथ घातलीत ते ठीक. पण आधीं कुणाला विचारलंत का? अशी अचानक दारू तोडली तर माणूस दगावतो.”

वर्षानुवर्षें रोज पिणाऱ्याचा मेंदू दारूच्या गुंगीस तोंड देण्यासाठीं सतत चेतलेला राहावयास शिकतो. दारू एकाएकीं बंद झाली कीं तो आवरेनासा होतो. पहिल्या एकदोन दिवसांत झटके येऊं शकतात, पुढें भ्रम होऊं शकतो, आणि हा काल वैद्यकीय देखरेखीखालीं, औषधांचें प्रमाण हळूहळू उतरवीत काढावा लागतो. हें आम्हांस त्या रात्रीं कळलें. पुण्यसंचय म्हणून आम्ही जें केलें, त्यानें आमच्या घरचा एक जीव जाण्याची वेळ आली होती.

शरीर सांवरल्यावर त्यांना एका व्यसनमुक्ति केंद्रांत ठेविलें. तेथें लातूरकडची एक तिशीच्या आंतबाहेरची मुलगी समुपदेशक होती. तिनें पहिला तासभर त्यांच्या पत्नीशीं बोलण्यांत घालविला. वडीलधारे असून आम्ही बाहेरच्या बांकावर. आम्हांस राग आला हें खरें. मग तिनें आम्हांस आंत बोलाविलें आणि विचारलें, “काका, तुम्ही त्यांना किती वेळां समजावलंत?”

“शेंकडों वेळां,” आम्ही म्हटलें.

“आणि त्यांनी तुम्हांला स्वतःबद्दल किती वेळां सांगितलं?”

या प्रश्नास आमच्यापाशीं उत्तर नव्हतें.

पुढें ओळख वाढल्यावर आम्ही तिला विचारलें, ही हातोटी कोठून आली? ती म्हणाली, “हातोटी कसली काका, शिकावं लागलं. शिकायला गेले तेव्हां मलाही सल्ले द्यायची घाई होती. आधीं ऐकायला शिकवलं, मग बोलायला.” समुपदेशक या शब्दाच्या पोटांत ‘उपदेश’ आहे, आणि त्या मनुष्यानें करूं नये अशी पहिली गोष्ट म्हणजे उपदेश! भाषेच्या शिक्षकास हा विनोद चांगलाच झोंबला.

ही विद्या महाराष्ट्रांत कशी आली

महाराष्ट्रांत या कामाचें मोठें पीठ म्हणजे पुण्याचें मुक्तांगण. गर्द नांवाच्या विषानें तरुण मुलें कशीं पोखरलीं जात आहेत, यावर डॉ. अनिल अवचट यांनीं केलेलें लेखन वाचून पु. ल. देशपांडे व सुनीताबाई अस्वस्थ झाल्या आणि त्यांच्या प्रतिष्ठानानें कार्यास साहाय्य दिलें. येरवड्याच्या मनोरुग्णालयांत मानसोपचारतज्ज्ञ असलेल्या डॉ. अनिता अवचट यांनीं त्याच आवारांत २९ ऑगस्ट १९८६ रोजीं केंद्र उभें केलें. १९९७ सालीं त्यांचें कर्करोगानें निधन झालें. परंतु काम थांबलें नाहीं. त्यांच्या कन्या मुक्ता पुणतांबेकर यांनीं तें पुढें नेलें. तेथें बरे होऊन गेलेले कित्येक जण पुढें तेथेंच कार्यकर्ते झाले. व्यसनी माणसांच्या पत्नींसाठीं ‘सहचरी’ नांवाचा गट निघाला. पुढें केंद्र शासनानें पश्चिम भागासाठीं प्रशिक्षणाचें केंद्र म्हणूनही मुक्तांगणास नेमलें, आणि गांवोगांवच्या संस्थांतील माणसें तेथें शिकण्यास जाऊं लागलीं.

मद्रासेकडील उदाहरण याहूनही बोलकें आहे. मद्यपानापायीं पति गमावलेल्या शांति रंगनाथन् या भगिनी दुःख करीत बसल्या नाहींत. अमेरिकेंत जाऊन त्यांनीं या विषयाचें रीतसर शिक्षण घेतलें आणि १९८० सालीं पतीच्या नांवानें संस्था काढून उपचार सुरू केले. १९९२ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली. आपल्यावर ओढवलें म्हणजे आपणांस त्यांतलें सर्व कळतें, असें त्यांनीं मानलें नाहीं. त्या आधीं विद्यार्थी झाल्या. हा विवेक आम्हांस घाटावर जाण्यापूर्वीं सुचला असता तर!

दिल्लीस राष्ट्रीय समाजरक्षा संस्था आहे. तिच्यांत १९९८ सालीं व्यसनप्रतिबंधाचें राष्ट्रीय केंद्र स्थापन झालें. कांहीं दिवसांच्या उजळणीपासून कांहीं महिन्यांच्या प्रमाणपत्रापर्यंत निरनिराळे वर्ग या केंद्राच्या वतीनें होत आले आहेत. कोलंबो योजना या आंतरराष्ट्रीय संघटनेनेंही या विद्येचा एक पाठ्यक्रम घडविला. त्याचे मूळ आठ भाग होते आणि परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची व्यवस्थाही त्याबरोबर झाली.

काय शिकवितात?

पहिला विषय शरीराचा. कोणतें द्रव्य मेंदूवर काय करितें, तें बंद केल्यावर कोणत्या दिवशीं कोणता धोका असतो, आणि रुग्णास डॉक्टरांकडे केव्हां पाठवावयाचें. समुपदेशकानें औषध द्यावयाचें नसतें. परंतु औषध केव्हां लागतें हें त्यास कळलेंच पाहिजे. दुसरा विषय पारखण्याचा. किती पितो, केव्हांपासून, सोबत उदासीनता किंवा दुसरा मनोविकार आहे काय, याची पद्धतशीर विचारपूस व टिपण. तिसरा संभाषणाचा. सोडावेंसें वाटतें आणि सोडवत नाहीं, अशा दुहेरी मनःस्थितींत रुग्ण असतो. अशा वेळीं आपण सोडण्याची बाजू मांडूं लागलों, तर तो पिण्याची बाजू मांडूं लागतो. म्हणून प्रश्न असा विचारावयाचा कीं सोडण्याचें कारण त्याच्याच तोंडून निघावें. विल्यम मिलर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें १९८३ सालीं ही रीत प्रथम मांडली.

चौथा विषय कुटुंबाचा. आणि एकत्र कुटुंबांत राहणाऱ्या आम्हां मंडळींस हाच सर्वांत अवघड. डब्यांतले पैसे देणारी आई, अर्ज पोंचविणारा भाऊ, गांवांत बभ्रा नको म्हणून उधारी फेडणारा काका, हे सारे प्रेमानें वागतात आणि व्यसनास खतपाणी घालतात. पांचवा विषय पुन्हा घसरण्याचा. आमचे चिरंजीव आठ महिन्यांनीं एकदां पुन्हा पिऊन आले. आम्ही खडे बोल तयारच ठेविले होते. त्या मुलीनें केवळ विचारलें, “त्या दिवशीं सकाळपासून काय काय झालं, सांगाल?” त्यांतून निघालें कीं पगाराच्या दिवशीं जुन्या वाटेनें ते एकटेच घरीं आले होते. दुसऱ्या महिन्यापासून वाट बदलली, आणि त्या दिवशीं धाकटा मुलगा त्यांना आणावयास जाऊं लागला.

सहावा विषय नीतीचा. रुग्णानें विश्वासानें सांगितलेलें गुप्त ठेवावें, त्याच्याशीं पैशाचा वा मैत्रीचा निराळा व्यवहार करूं नये, आणि जेथें आपली विद्या संपते तेथें दुसऱ्याकडे पाठवावें. ओसरीवर बसून सर्वांचें सर्व सर्वांस सांगणाऱ्या आम्हांस ही गुप्तता प्रथम परकी वाटली. परंतु ती नसती तर आमच्या सुनेनें तोंड उघडलेंच नसतें.

हें सर्व ऐकतांना आम्हांस चरक आठवला. वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी असे चिकित्सेचे चार पाद तो सांगतो. मद्यापासून होणाऱ्या मदात्यय रोगास त्यानें एक स्वतंत्र अध्यायही दिला आहे. परिचारकाचे चार गुण त्याच्या मतें असे : उपचाराचें ज्ञान, दक्षता, रोग्याविषयीं अनुराग आणि शुचिता. आमच्यापाशीं अनुराग होता. शुचिता तर एकादशीसुद्धां होती! नव्हतें तें पहिलें, आणि चरकानें तें पहिलें कां ठेविलें हें आम्हांस साठीच्या आसपास उमगलें.

मराठवाड्याची निकड

हैदराबादच्या मुक्तिसंग्रामांत आमच्या वडिलांच्या पिढीनें शिंदीचीं झाडें तोडलीं. निजामाचें अबकारीचें उत्पन्न बुडवावें हा त्यांतील हेतु होता. त्या लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ हे मूळचे शिक्षक. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं मराठवाडा मुक्त झाला, आणि त्याच दिवशीं १९९४ सालीं त्यांच्या नांवाचें विद्यापीठ नांदेडास स्थापन झालें. लातूर जिल्हाही त्याच्याच क्षेत्रांत येतो. झाड तोडण्यास कुऱ्हाड पुरते. मनांत रुजलेली मुळी काढण्यास शिकलेले हात लागतात.

ते हात किती थोडे आहेत पाहा. केंद्र शासनासाठीं दिल्लीच्या एम्स संस्थेनें केलेल्या पाहणीचा अहवाल २०१९ सालीं निघाला. त्याप्रमाणें १० ते ७५ वर्षे वयाच्या लोकांत सुमारें १६ कोटि मद्य घेतात आणि त्यांपैकीं २.९ कोटि त्याच्या पूर्ण अधीन झाले आहेत. अशा अधीन झालेल्या ३८ जणांत एकास कांहीं तरी उपचार मिळाले. रुग्णालयांत राहून उपचार मिळाले ते १८० त एकास! उरलेल्यांच्या वांट्यास कोण येतो? घरचा शपथ घालणारा काका.

क्वचित् त्याहूनही वाईट येतें. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानें मद्य व मादक द्रव्यांपासून होणाऱ्या मनोविकारांस आपल्या कक्षेंत घेतलें आहे. अशा उपचारकेंद्राची नोंदणी लागते, आणि रुग्णास साखळीनें बांधण्यास सक्त मनाई आहे. हें वाचलें कीं आम्हांस आमच्या माडीची कडी आठवते.

लातूरच्या शिकवणीवर्गांत वैद्यकाच्या प्रवेशासाठीं हजारों मुलें रात्रीचा दिवस करितात. प्रवेश हुकला कीं घरांत सुतक पडतें. अशा घरांतील मुलामुलींनीं मानसशास्त्र वा समाजकार्याची पदवी घ्यावी आणि तिच्यावर हें प्रशिक्षण घ्यावें, असें आम्हांस मनापासून वाटतें. वर्ग निवडतांना मात्र तीन प्रश्न विचारावे. शिकविणाऱ्यांनीं स्वतः रुग्णांबरोबर काम केलें आहे काय? जाणत्याच्या देखरेखीखालीं प्रत्यक्ष रुग्णाशीं बोलण्याचा सराव मिळतो काय? आणि मिळणारें प्रमाणपत्र कोण मानतें? दोन दिवसांत मिळणारा चकचकीत कागद भिंतीवर शोभतो. तिसऱ्या रात्रीं माडीवर त्याचा उपयोग नाहीं. पुणें नांदेडाहून वा लातुराहून रात्रभराच्या अंतरावर आहे. मुलीस एवढ्या दूर कसें पाठवावें, असें विचारणाऱ्या वडिलांस आम्ही त्या लातूरकडच्या मुलीची गोष्ट सांगतों.

ज्यांच्या घरीं ही आपत्ति आजच आहे त्यांनीं लाज सोडून केंद्र शासनाच्या १४४४६ या व्यसनमुक्ति दूरध्वनीवर, किंवा मानसिक आरोग्याच्या १४४१६ या क्रमांकावर विचारावें. आपल्यासारख्यांच्या घरीं असें नसतें, ही समजूत आम्हींही बाळगली होती. ती फार महाग पडली.

आमचे चिरंजीव आज एका दुकानांत हिशेब लिहितात. पूर्वीची नोकरी परत मिळाली नाहीं. दहा वर्षें झालीं, दारू नाहीं. तरीही रात्रीं जिन्यावर पावलें वाजलीं कीं सूनबाईचा हात कामांत थांबतो, आणि पावलें सरळ पडत आहेत असें ऐकूं आल्यावर पुन्हा चालूं लागतो. माडीच्या दाराची ती बाहेरची कडी आम्ही स्वतः पक्कडीनें उपटून काढली; तिचीं दोन भोंकें दारावर अजून आहेत. तीं बुजवूं नयेत असें आम्हीच घरांत सांगितलें आहे.